आडवे फोटो

१

अपा फोटोंची पेटी घराबाहेर जाऊ देईना, म्हणून मग यंत्रच अपाच्या घरी आणावं लागलं.

अपा म्हणजे झमिराची आई. सगळं घर तिला अपाच म्हणे, नातवंडंसुद्धा. येत्या शनिवारी ती ऐंशी वर्षांची होणार होती. झमिराच्या धाकट्या भावानं, तिलेकनं, बालिकची गावातला सगळ्यांत मोठा हॉल ठरवला होता, दोनशे माणसांना आवतण धाडलं होतं, आणि जेवणं चालू असताना मोठ्या पडद्यावर घराण्याचे जुने फोटो दाखवायचे ही टूमही त्याचीच. टूम तिलेकची आणि काम झमिराचं, हे त्या घरात पहिल्यापासून चालत आलेलं. झमिरा बिश्केकच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिनं आठवड्याची रजा टाकली, लेकीला, मीरिमला, बरोबर घेतलं आणि सरोवराकाठच्या या वाऱ्याच्या गावात येऊन दाखल झाली.

स्कॅनर मीरिमनं ऑफिसातून मागून आणला होता. पावाच्या लादीएवढं पांढरं यंत्र. वर फोटोंची चळत ठेवायची आणि बटण दाबायचं. एकेक फोटो आत ओढला जाई आणि खालून बाहेर पडे. सर्रर्र, टक. सर्रर्र, टक. पेल्यातला चहा निवायच्या आत एक अल्बम संपत होता. झमिरा फोटो कोपऱ्यांतून सोडवून फडक्यानं पुसून देई, मीरिम चळत लावी, आणि लॅपटॉपवर वडिलांचं तरुणपण, मळणीचे ढीग, रेल्वेचे डबे, कोणाकोणाची लग्नं भराभर उमटत जात.

घर तिसऱ्या मजल्यावरचं, वडिलांना रेल्वेनं दिलेलं. एक दिवाणखाना, एक अरुंद स्वयंपाकघर. दिवाणखान्याला दोन दारं. एक अपाच्या खोलीचं, दुसरं छोट्या खोलीचं. छोट्या खोलीत आता जर्दाळूच्या मुरांब्याच्या बरण्या, जादा रजया आणि बटाट्याचं पोतं असे.

"आई, हे बघ, गंमत!" मीरिम खिदळली. "सगळे भिंतीवर चालतायत."

एक फोटो आडवा आला होता. त्याच्यामागचाही आडवा. मग एकदम सात-आठ.

"तू उलटे घातलेस."

"कसेही घातले तरी हे आपले आपण सरळ करतं, तीच तर सोय आहे. चेहरे शोधतं, आणि चेहरा उभा दिसेल असा फोटो फिरवतं."

"मग इथे काय चेहरे कमी पडले?"

मीरिमनं खांदे उडवले. "गालिच्याच्या नक्षीत काहीतरी दिसलं असेल त्याला. यंत्रच ते, येडं होतं कधीकधी."

झमिरानं नीट पाहिलं. आडवे झालेले सगळे फोटो दिवाणखान्यात, लाल गालिच्यासमोर बसून काढलेले होते. आणि सगळ्यांत माणसांची डोकी डावीकडेच होती.

२

हाताने फिरवून ते सरळ करता येत होते. पण दुपारी जेवणं झाल्यावर झमिराला चैन पडेना. तिनं तेच फोटो पुन्हा यंत्रात घातले, मुद्दाम उलटे. सर्रर्र, टक. डोकी डावीकडे. मग सुलटे घातले. डोकी डावीकडे.

"यानं कोणता चेहरा धरला ते बघता येतं का गं?"

"येतं की." मीरिमनं कुठलंसं बटण दाबलं. फोटो तिलेकचा होता, पहिलं पाऊल टाकल्यावर पायातली दोरी कापायच्या समारंभाचा. मधे टोपी घातलेला तिलेक, मागे काका-मावश्या, शेजारी, आणि कडेला शाळेच्या पांढऱ्या एप्रनमधली झमिरा. एवढे चेहरे हसत होते, पण पडद्यावर नारिंगी चौकोन एकच उमटला, आणि तो यांतल्या कोणाच्याही तोंडावर नव्हता. वडिलांच्या बुटाशेजारी, गालिच्याच्या अगदी खालच्या कडेला, झालर जमिनीला टेकते तिथे तो होता.

मीरिमनं ती जागा मोठी केली. आणखी मोठी केली. लाल-काळे ठिपके, बाकी काही नाही.

"बघ, म्हटलं नव्हतं? नक्षी." ती चौकोन मिटवणार, तेवढ्यात थबकली. "पण आई, गालिच्याला इथे फुगवटा का आहे? थांब... ही दाराची मूठ आहे. हे तर छोट्या खोलीचं दार! दारावर कशाला टांगला होता गालिचा?"

"थंडी यायची तिकडून," झमिरा म्हणाली. "खिडकी नीट लागत नव्हती."

उत्तर इतकं पटकन आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. शब्दही तिचे नव्हते. पाहुण्यांना अपा अगदी हेच सांगायची, याच सुरात.

स्वयंपाकघरात अपाच्या पेल्यात फिरणारा चमचा थांबला. जरा वेळानं पुन्हा फिरू लागला.

३

छोट्या खोलीत बेर्मेत असायची. झमिराहून दोन वर्षांनी मोठी. जन्मली ती आडवी आणि आडवीच राहिली. बसायची नाही, बोलायची नाही. डाव्या कुशीवर निजून दाराकडे बघत असायची. माणसांची चाहूल लागली की तिला आनंद व्हायचा आणि ती घशातून एक लांबलचक सूर काढायची. पाहुण्यांना भ्यायचं काही कारण नव्हतं. पण पाहुणे बोलले असते. रक्तातच काही आहे म्हणाले असते. मुलीचं लग्न व्हायचं होतं, मुलगा मोठा व्हायचा होता, वडिलांना रेल्वेत बढती हवी होती. म्हणून कोणी येणार असलं की वडील स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवरच्या खिळ्यांना गालिचा अडकवत. दार नाहीसं होई. रेडिओ मोठा करणं हे झमिराचं काम. आणि घरात तेवढी एकच भिंत दिसायला देखणी, म्हणून जो तो फोटोला तिथेच बसे.

झमिरा नववीत होती त्या हिवाळ्यात बेर्मेत गेली. तिला वडिलांच्या गावी नेऊन पुरलं. लांबच्या नात्यातली होती, असं सांगितलं. तिकडे थडग्याच्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात. बेर्मेतच्या दगडावर कोरायला चेहराच मिळाला नाही, कारण तिचा एकही फोटो नव्हता.

पुढे झमिराचं लग्न झालं. नवऱ्याला तो असेतोवर तिनं सांगितलं नाही. मीरिमलाही नाही. लहानपणी तिला बेर्मेतची लाज वाटे. मोठेपणी त्या लाजेची लाज वाटू लागली. पण दोन्ही लाजांचा सल्ला एकच होता: गप्प बस.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मीरिम पाव आणायला खाली गेली, तशी झमिरा एकटीच यंत्राशी बसली. बाहेर वारा सुटला होता. बालिकचीत वारा नसेल त्या दिवशी माणसांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. झरोक्यातून तो घुमत होता आणि छोट्या खोलीतल्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या.

ती भूगोलाची मास्तरीण. कारण सापडेपर्यंत मुलांना सोडायची नाही. तिनं स्वतःलाही सोडलं नाही. गालिच्याच्या नक्षीत मधोमध गोल, त्यात दोन ठिपके, खाली आडवी रेघ. लहान मूलसुद्धा त्याला तोंड म्हणेल. यंत्राला तर काय, शिकवू तेवढंच कळणार. ठीक. मग गालिचा नसलेले फोटो घालून बघू, म्हणजे संशय फिटला.

तिनं बिश्केकमधला एक गठ्ठा घातला. सगळे सरळ आले. बागेतले, शाळेतले, मीरिमच्या दातपडक्या वयातले. झमिरानं मोकळा श्वास घेतला आणि स्वतःशीच हसली.

मग तिच्या लग्नाचा फोटो आत गेला. सर्रर्र, टक.

तो आडवा आला. डोकी डावीकडे.

उघड्यावर काढलेला फोटो होता. मागे आकाश, खाली हिरवळ, ना गालिचा ना भिंत. तिनं मीरिमनं दाखवलेलं बटण दाबलं. चौकोन हिरवळीवर होता, तिच्या पांढऱ्या झग्याचा घोळ जिथे गवतावर पसरला होता त्याच्या अगदी लगत. तिथे गवत होतं. नुसतं गवत. ते जरा दबल्यासारखं वाटलं, पण उन्हात गवत कसंही दिसतं.

लग्न झालं तेव्हा बेर्मेतला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

जिन्यात मीरिमची पावलं वाजली. झमिरानं घाईघाईनं फोटो सरळ केला. चोरी लपवणाऱ्याच्या हाताची घाई असते तशीच ती घाई होती.

५

तिलेक दुपारी आला तो वाऱ्याची धूळ झटकत आला. लठ्ठ, बोलघेवडा माणूस. आल्या आल्या त्यानं अपाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, मीरिमचा कान ओढला आणि तळलेल्या पिठाच्या बोरसोकांचं ताट पुढ्यात ओढलं.

"काय एजे, झालं का तुझं पिक्चर? हिरोईन कोण, तूच ना?" थोरली बहीण म्हणून तो तिला एजे म्हणे.

झमिरानं मीरिमला अपाची औषधं आणायला पाठवलं. अपा स्वयंपाकघरात होती. तिला अलीकडे ऐकू कमी येई.

"तिलेक, त्या सूत्रसंचालकाला अपाची मुलं किती म्हणून सांगितलंयस?"

"दोन. का?"

"तीन सांग."

त्याचं चावणं थांबलं. त्यानं आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग छोट्या खोलीच्या दाराकडे, मग ताटाकडे.

"तुला काय झालंय?"

"काही नाही. ऐंशी वर्षांची होतेय ती. एकदा तरी..."

"एकदा तरी काय? चोल्पोन-अताहून माझ्या पोरीच्या सासरची माणसं येणार आहेत. होणाऱ्या सासरची. अजून शब्द दिलेला नाही त्यांनी. आणि तू म्हणतेस, लग्न ठरायच्या बेतात असताना मी माईकवरून सांगू की आमच्या घरात..." त्याचा आवाज उतरला. "मलाही आठवते ती, एजे. मी काय दगड आहे का? पण इतकी वर्षं नाही सांगितलं, आता कोणाच्या भल्यासाठी सांगायचं?"

"हेच बाबा म्हणायचे."

"मग शहाणे होते बाबा. गालिच्याचे फोटो काढून टाक सगळे. पुष्कळ आहेत दुसरे."

आपण विचारलं, तो नाही म्हणाला. आपलं काम झालं, असं तिच्या मनात आलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आणि ते हलकं वाटणं ओळखून तिला इतकी शरम आली की तिनं उठून भांडी घासायला घेतली.

संध्याकाळच्या आत तिनं गालिच्यासमोरचे सगळे फोटो लॅपटॉपवरून पुसून टाकले. लग्नाचाही पुसला. उरले ते एकेक करून पाहिले. सगळे सरळ होते.

६

शुक्रवारी सकाळी ती कोपऱ्यावरून साय आणि नान घेऊन वर आली, तो दिवाणखान्यातून बोलण्याचा आवाज येत होता. अपाचा. मीरिम न्हाणीत होती. पाणी वाजत होतं.

दार लोटून झमिरा उंबऱ्यातच थांबली.

अपा लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर तिलेकच्या दोरी कापायच्या समारंभाचा फोटो होता. आडवा. काल पुसलेला. मीरिमनं कुठूनतरी परत काढला असेल, झमिरानं स्वतःला सांगितलं. पुसलेलं परत येतं असं ती म्हणत असते.

आडवा फोटो बघायचा तर माणूस मान वाकडी करतो. अपानं मान वाकडी केली नव्हती. समोर बसलेल्या माणसाकडे बघावं तशी ती सरळ बघत होती.

"किती दिवसांनी गं," अपा म्हणत होती. "कशी वाळलीस. माझं शिंगरू ते. शिंगरू माझं."

शिंगरू म्हणून अपानं झमिराला कधी हाक मारली नव्हती. तिलेकलाही नाही. तो शब्द या घरात फक्त एका दारामागे उच्चारला जाई, आणि तो ऐकून किती वर्षं लोटली होती.

"तोंड पुसू दे," अपा म्हणाली. "बघ, सगळी लाळ गळलीय."

तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, पुढे वाकली आणि पडद्यावरची एक जागा हलक्या हातानं पुसली. एकदा, मग पुन्हा एकदा. ओठांची कड पुसतात तसं गोलाकार. झमिराला जवळ जायची गरज नव्हती. ती जागा कुठली ते तिला ठाऊक होतं.

"अपा."

अपानं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पकडल्या गेल्याची खूण नव्हती. उलट झमिरालाच वाटलं, आपण भलत्या वेळी आलो.

"काय करताय, अपा?"

"काही नाही. धूळ होती," अपा म्हणाली आणि उठून निघून गेली.

रुमालाचं टोक ओलं दिसत होतं. म्हातारीनं डोळे पुसले असतील.

७

शनिवारी हॉल भरून गेला. मांस-शेवयांच्या बेशबारमाकची ताटं वाफाळत होती, म्हातारे मानाच्या जागी बसले होते, चोल्पोन-अताची मंडळी चांगली खूश दिसत होती. अपा मधोमध, नव्या मखमली जाकिटात. सूत्रसंचालक तरणाताठा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "दोन रत्नं आणि पाच नातवंडं" असं त्यानं दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा झमिरानं ताटातल्या मांसाचे तुकडे बारीक केले.

मग दिवे मंद झाले. वडील तरुणपणी, रेल्वेच्या टोपीत. लोकांनी टाळ्या पिटल्या. अपा वेण्या घालून. तिलेक उघडाबंब, तिलेकची बायको पोट धरून हसली. फोटो सरकत होते, सगळे सरळ. झमिराच्या खांद्यांतला ताण हळूहळू उतरू लागला.

तेवढ्यात पडद्यावर एक आडवा फोटो आला.

सरोवराकाठचा होता. एका उन्हाळ्यात वडिलांनी सगळ्यांना पोहायला नेलं होतं, तिथल्या फिरत्या फोटोवाल्यानं तो काढला होता. सगळ्यांना म्हणजे चौघांना. बेर्मेतला दिवसभर घरी ठेवून, दाराला कुलूप लावून गेले होते. फोटोत वडील, अपा, झमिरा, तिलेक, आणि पुढे वाळूवर पसरलेला एक टॉवेल. झमिरानं तो परवाच पाहिला होता. सरळ होता.

लोक हसले. दोनशे माणसांनी एकदम माना डावीकडे कलंडवल्या. सूत्रसंचालकानं तर अंगच वाकवलं.

"अरे वा, पोहायला निघाली स्वारी! हे आमचे काका, ह्या अपा, हे आपले तिलेक अगा... आता पोट दिसतंय तेव्हा नव्हतं हं..." हशा. "ह्या झमिरा एजे. आणि ही वाळूवर निजलेली कोण? चौघं म्हणावं तर पाच दिसतात!"

"पाचच आहेत," पुढच्या टेबलावरचं कोणीतरी म्हणालं.

"पोरगी कशी हसतेय बघा," चोल्पोन-अताची विहीण होऊ घातलेली बाई म्हणाली. "गोड आहे हो. कोण ही?"

दोनशे माना वाकड्या होत्या. अपाची तेवढी सरळ होती. ती पडद्याकडे बघून हसत होती. आणि झमिराला काय झालं कोण जाणे, तिनंही मान वाकडी केली नाही. सरळ पाहिलं.

एक क्षणभरच. उन्हानं बारीक झालेले डोळे, ओठांच्या कडेला चकाकणारं काहीतरी. ते डोळे फोटोवाल्याकडे बघत नव्हते. अपाकडेही नाही. ते फोटोतल्या झमिराकडेही बघत नव्हते.

"झमिरा एजे!" माईक तिच्या तोंडापुढे आला होता. "सांगा ना, पाहुणे विचारतायत. ही कोण?"

तिलेकनं टेबलाखालून तिचं मनगट धरलं. "बोल काहीतरी," तो ओठ न हलवता म्हणाला. त्याचा हात गार पडला होता. म्हणजे त्यालाही दिसत होतं.

पडद्यावरचे डोळे वाट बघत होते. त्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दारामागून माणसांची चाहूल लागल्यावर जसे व्हायचे तसे ते आनंदले होते.

"शेजाऱ्यांची मुलगी," झमिरा म्हणाली. तिचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "आमच्याबरोबर आली होती."

"बघा!" सूत्रसंचालक गहिवरला. "असं घर! शेजाऱ्यांच्या लेकरालासुद्धा आपल्या पोरांबरोबर न्यायचं! अपा, तुमच्या मोठ्या मनाला सलाम!"

सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. फोटो बदलला. माना सरळ झाल्या.

अपा हसायची थांबली होती. ती झमिराकडे बघत होती. कोणीतरी नवंच माणूस टेबलाशी येऊन बसावं तसं बघत होती.

८

परतीच्या वाटेवर गाडीत मीरिम म्हणाली, "तो फोटो मी माझ्या हातानं यंत्रात घातलाय, आई. तिथे टॉवेल होता."

झमिरा खिडकीबाहेर बघत राहिली. डोंगरात गाडी शिरली, डोंगरातून बाहेर आली, तरी तिला तोंड उघडता आलं नाही. त्यानंतर मीरिमचे फोन कमी झाले. ती उद्धट बोलत नसे. फक्त काही विचारत नसे.

तिलेकच्या पोरीचं ठरलं. अपा मात्र खचली. कसला आजार म्हणून डॉक्टरला सापडला नाही. ती नुसती आडवी झाली. मग एक दिवस तिनं हट्ट धरला, मला छोट्या खोलीत निजवा. तिलेकनं बरण्या हलवल्या, पोतं काढलं, तिथे पलंग लावला. पलंग भिंतीपासून पुढे ओढा, मागे जागा राहू द्या, असंही तिनं सांगितलं. म्हाताऱ्या माणसाचं काय, म्हणून त्यानं तेही केलं.

झमिरा दर शनिवारी जाऊ लागली. सूप करी, अंथरूण बदली, पाय चेपी. अपा तिला काही बोलत नसे, उपकार मानल्यासारखी मान हलवी. एकदा अपाच्या डोक्याशी बसून झमिरा म्हणाली, "अपा, त्या दिवशी मी जे बोलले..." अपानं तिच्या हातावर हात ठेवला, परक्याचं सांत्वन करावं तसा.

वसंत सरत आला होता तेव्हाची गोष्ट. भर दुपारी झमिरानं आपल्या किल्लीनं दार उघडलं. दिवाणखाना उन्हानं भरला होता. झरोक्यातून वारा घुमत होता, लांबलचक, एकसुरी. या घरात तो घुमतोच. तिनं बूट काढले, नान टेबलावर ठेवला, सूप गरम केलं. वाडगा घेऊन छोट्या खोलीचं दार उघडलं.

अपा डाव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून निजली होती. झमिराला बघून तिनं रुमाल सारखा केला. पाहुणा आला की बायका करतात तसा.

"ये ये, पोरी," ती म्हणाली. "बस. तुझी आई बरी आहे ना?"

"अपा, मी आहे. झमिरा."

"हो हो. किती करतेस गं आमचं. शेजारधर्म म्हणतात तो हा."

झमिरा वाडगा धरून उभी राहिली. अपानं हळूच मान मागे वळवली, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेकडे, आणि आवाज अगदी खाली आणला.

"गप्प राहा आता, शिंगरा. शेजाऱ्यांची मुलगी आलीय. जाईल एवढ्यात."

आणि वाऱ्याचा आवाज थांबला.

झमिराची नजर खिडकीकडे गेली. बाहेर पॉप्लरची झाडं वाऱ्यानं पार वाकली होती.